उशीवरून घेतलेला कोन

मनोहरपंतांनी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली होती, तेव्हा घराला जोडायच्या खोलीचा नकाशा दुसऱ्या कुणी काढला असता तर त्यांना तो अपमानच वाटला असता. चार दिवस जेवणाच्या टेबलावर कोनमापक आणि पट्ट्या पसरल्या होत्या, ताटं मांडीवर घ्यावी लागली. केंद्र सरकारच्या शाळेतून बदलीवर कोलकात्याला आलेला हा माणूस निवृत्त होऊन बागबाजारातच मुरला. इंग्रजांनी एके काळी मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला जिथून खंदक खणला, तिथेच हा मराठी गडी भिंती वाढवतोय, असं म्हणत शेजारी त्यांना चिडवत. पंतांनाही ते आवडे.

खोली बायकोसाठी, शकुनताईंसाठी होती. तीस वर्षं त्या पहाटे गंगेच्या घाटावर जात आणि परत आल्या की चहा गाळता गाळता सांगत, आज किती पायऱ्या पाण्याबाहेर होत्या. मग कंबरेचं हाड मोडलं. आठ महिने झाले, त्या आतल्या खोलीत भिंतीकडे बघत पडून होत्या आणि बोलणं हो-नाहीवर आलं होतं. बायको डोळ्यांदेखत विझत चाललीय, या भीतीने पंतांची झोप उडाली होती. घरामागच्या मोकळ्या जागेतून गल्लीच्या टोकाशी घाटाच्या पायऱ्यांचा हातभर तुकडा बाजूने दिसे. म्हणून तिथे खोली, तिची एक भिंत तिरपी आणि कोपऱ्याला लागून थेट खालपर्यंत खिडकी. कोपऱ्याचा कोन एकशे पस्तीस अंश.

बांधायला आला श्यामसुंदर मिस्त्री. मूळचा मुर्शिदाबादकडचा, चौथी शिकलेला, साठीला टेकलेला. तागाच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि सुतळीचा गुंडा. सरळ भिंत तो जोडीदारांवर सोडी, कोपरा मात्र स्वतःच्याच हातांनी बांधी. नकाशावर दोन पट्ट्या ठेवून त्याने त्या खिळ्याने जोडल्या, तेवढंच त्याचं कोनमापक. तिरप्या कोपऱ्यात अख्खी वीट बसत नाही. तो वीट तळहातावर घेई, थापीचा एकच घाव घाली, आणि वीट वडी कापावी तशी हवी तिथेच तुटे. सांध्यावर सांधा कुठे येत नव्हता. पंतांनी गुपचूप कोन मोजला. तंतोतंत होता. अंश म्हणजे काय हे न सांगता येणाऱ्या माणसाचे हात बघून त्यांची मतीच गुंग झाली.

नऊ थर चढले आणि श्यामसुंदर थांबला.

"मास्टरमोशाय, मासीमा का माथा किधर रहेगा?"

पंतांनी शकुनताईंच्या उशीची जागा दाखवली. श्यामसुंदरने तिथे बाज मागवून घेतली, गमछा अंथरला आणि उताणा पडून राहिला. बराच वेळ.

"घाट नहीं दिखता," तो म्हणाला.

"नाप ग़लत हो ही नहीं सकता." पंत तडकले.

"नाप ठीक है. आप खड़ा होके देखा."

पंत गुडघे धरत बाजेवर आडवे झाले. घाटाच्या दिशेला फक्त कोपऱ्याच्या विटा. इतके दिवस त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून गंगा पाहिली होती. आठ महिन्यांत शकुनच्या उशीवर डोकं टेकून बघावं, असं त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेरा माँ तीन साल खाट पर सोया था," श्यामसुंदर म्हणाला. "ख़ाली दीवार देखता था." मग कुणालाही न विचारता त्याने आपलेच नऊ थर पाडायला घेतले.

सुतळीचं एक टोक त्याने बाजेच्या उशाशी बांधलं आणि दुसरं घाटाच्या दिशेने ताणून धरलं. सुतळी विटांना कुठेही न अडता सरळ जाईल, तिथवर कोपरा मागे सरकवला. दोन पट्ट्या नव्याने जुळवल्या. पुन्हा एकेक वीट हातावर तुटू लागली. या वेळी विटा उचलून द्यायला पंत होते. तो कोन किती अंशांचा, हे त्यांनी कधीच मोजलं नाही.

गिलावा वाळल्यावर शकुनताईंना नव्या खोलीत आणलं. पंत दाराशी उभे, श्यामसुंदर बाहेर सामान आवरत होता. त्या पडल्या, मान जराशी वळवली आणि खिडकीतून बघू लागल्या.

"सहा," त्या म्हणाल्या. "सहा पायऱ्या उघड्या आहेत. ओहोटी आहे आत्ता."