पाण्याचा रुमाल

मी तेव्हा बडोद्यात एका वकिलांकडे कारकून होतो. दोन गिरण्या एक झाल्या होत्या आणि खटला धाकट्या गिरणीच्या पाण्याचा होता. शेजारच्या शेतातून येणाऱ्या पाटाचा करारनामा दुपारी दोनपर्यंत कोर्टात दाखवला नाही, तर पाट बंद होणार होता. पाणी नाही, तर वाफ नाही. मग गिरणी कसली?

गिरणीच्या दफ्तरखान्यात कागदांचे साठ गठ्ठे होते आणि एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून गिरण्या एक होताना घरी बसवलेल्या म्हाताऱ्या दफ्तरदाराला वाडीतून बोलावलं. त्याचं नाव मी विचारलंच नाही, याची आज लाज वाटते. डोक्याला लाल पागोटं होतं. दारात वहाणा काढून तो ढिगाकडे नुसता बघत राहिला.

"माझे रुमाल कुठं आहेत?"

"नवी गिरणी, म्हणून सगळं नव्या पांढऱ्या कापडात बांधलं," गिरणीचा मॅनेजर म्हणाला. "जुनी फडकी यंत्रं पुसायला दिली."

"पाण्याचे कागद लाल रुमालात होते, जमिनीचे हिरव्या," म्हातारा पुटपुटला. "यादी कधी केलीच नाही, साहेब. मी रंगच वाचायचो."

तो खाली बसून एकेक गाठ सोडू लागला. दीड वाजता वकीलसाहेब रिकाम्या हातांनी टांग्यात बसले, त्यांच्यामागे मी.

न्यायाधीशांनी पाट बंद केला.

मी एकटाच परत आलो, तर म्हातारा तसाच बसलेला, बोडक्या डोक्यानं. समोर एक गठ्ठा होता, पागोट्याच्या फाडलेल्या लाल पट्टीनं बांधलेला.

"सापडला," तो म्हणाला. "वेळेत आहे ना?"

मी "हो" म्हणालो आणि गठ्ठा उचलला.