चौकटमास्तर आणि लेकीचे फोटो

चौकटमास्तर हे नाव त्यांना वर्गातल्याच कुणीतरी ठेवलं आणि ते चिकटलं. चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओ चालवला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तो बंद केला. आता दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ते नवशिक्यांना फोटो काढायला शिकवतात. कॅमेऱ्याला पहिले दोन रविवार हात लावायचा नाही. प्रत्येकाला पुठ्ठ्याची एक चौकट मिळते, मधोमध खिडकी कापलेली. एक डोळा मिटून तिच्यातून बघायचं.

"मधलं माणूस काय, कुणालाही दिसतं. कडा बघा. कडेला जे घुसलंय ते बाहेर काढा आणि मगच बटण दाबा."

शिकवणं खणखणीत होतं, त्यात खोट नाही. त्यांच्या वर्गात आलेल्या माणसाच्या फोटोत पुन्हा कुणाच्या डोक्यातून खांब उगवला नाही. पण जित्याची खोड, ती काय वर्ग सुटला म्हणून सुटते? मास्तर घरी आले तरी मास्तरच. आणि घरी त्यांच्या तावडीत सापडायला एकच जण होतं, दूरच्या शहरातली त्यांची मुलगी.

ती दर शनिवारी नातीचे फोटो पाठवायची. मास्तर चष्मा पुसून बघायचे आणि उत्तर धाडायचे. "डोक्यावर फार जागा सोडलीस." "खिडकीकडे पाठ नको, तोंड काळं पडलं." प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? भरपूर होतं, पण बाहेर पडताना त्याची दुरुस्ती व्हायची. बायको होती तोवर ती त्यांच्या हातातून फोन काढून घ्यायची आणि "गोड दिसतेय गं, जेवते का नीट?" असं लिहायची. ती गेली, आणि हे लिहिणारं घरात कुणी उरलं नाही.

मग फोटो येणंच बंद झालं. एक शनिवार गेला, दोन गेले, सात गेले. पोरीनं मनाला लावून घेतलं, हे मास्तरांना कळत होतं. पण बापानं आधी फोन करायचा म्हणजे काय! ताटाशेजारी फोन उताणा ठेवून ते जेवायचे. घास चावताना थांबून बघायचे, वाजला का म्हणून. दोन खोल्यांत ऐकू यायचा तो नळाचा आवाज. बोलायला रविवार लागायचा, आणि रविवार आठवड्यातून एकदाच येतो.

अशाच एका रविवारी वर्गातल्या नर्सबाईंनी फोटो आणला. त्यांच्या म्हाताऱ्या आईची खोली, आई खुर्चीत. मास्तरांचं बोट सवयीनं कडेला गेलं.

"टेबलावरचा हा पसारा काढा, सिस्टर. नजर तिकडे जाते."

"जायलाच हवी, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "औषधं आहेत ती आईची. न घेतलेली. भावाला पाठवायला काढलाय फोटो. तोंडानं सांगून त्याला पटत नाही."

मास्तरांनी बोट मागे घेतलं. पुढचा अर्धा तास त्यांनी काय शिकवलं, ते त्यांनाच आठवलं नसतं.

दुपारी घरी येऊन, न जेवता, त्यांनी मुलीचे जुने फोटो उघडले आणि पहिल्यांदाच मधल्या नातीला सोडून नुसत्या कडा बघितल्या. काढून टाकायला नव्हे, वाचायला. एका फोटोत दाराशी पट्ट्या लावलेली चार खोकी, एकावर एक. दुसऱ्यात खुंटीवर जावयाचा कोट नव्हता. तिसऱ्यात टेबलाला दोनच खुर्च्या. शेवटच्या पाच फोटोंत जावई कुठेच नव्हता. आणि खोक्यांच्या फोटोखाली मास्तरांनी लिहिलं होतं, "मागची खोकी हलव. फोटोचा विचका होतो." त्याखाली मुलीचं एका शब्दाचं उत्तर होतं: "बरं."

त्यांनी फोन लावला.

"बाबा?" ती म्हणाली. "बरे आहात ना?"

"मी बरा आहे. घरात कोण कोण असतं गं आता?"

"मी आणि ही."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले. ती खोकी त्याच्या सामानाची होती." आवाजात राग नव्हता, तो असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "तोंडानं सांगायचा धीर होत नव्हता, बाबा. म्हटलं, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. खोकी दिसली की तुम्ही फोन कराल. म्हणून मुद्दाम फोटोत घेतली होती."

मास्तरांनी चष्मा काढला.

"दिसली होती मला," ते म्हणाले. "पोरी, मला दिसली होती."

"माहितेय. तुम्ही लिहिलं होतंत."

"मी येऊ का? उद्याच निघतो. चार दिवस राहीन, हिला सांभाळेन, तुला जरा..."

"आता नको, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "तेव्हा हवे होतात."