पेणची फिनिशिंग आणि जनाकाकीचा पाय

जनाकाकीचं नाव आधी घेतो. नंतर घ्यायचं म्हटलं की नाना येतात, साहेब येतात, संस्था येते आणि काकीचं राहून जातं. पेपरात तसंच झालं. काकी पेणच्या खाडीकडच्या गावातली, सगळं आयुष्य मिठागरात गेलेली. त्या रविवारी तिनं माझी नोकरी वाचवली आणि स्वतःचा गुडघाही.

रोह्याचा हॉल, आमच्या संस्थेचा मोफत पाय वाटपाचा कार्यक्रम, साहेब प्रमुख पाहुणे. बाहेर स्टेजवर फुलांच्या माळा लावणं चाललेलं आणि मागच्या खोलीत आम्ही एकेकाला नवीन पाय घालून बघतोय. ज्याला घालावा तो कळवळतोय. कोलाडचे एक गृहस्थ तर म्हणाले, "अहो, हा पाय हाय का कुत्रा? चावतोय."

पाय बसवणाऱ्या आमच्या मॅडमनी पायाच्या आत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बालाजी, गाठी कुठं गेल्या?"

मीही बोट घालून बघितलं. आत सगळं गुळगुळीत.

गाठी म्हणजे काय ते सांगतो. मी पेणला कृत्रिम पाय बनवायच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. त्याच्यावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळायची, सुकली की अलगद काढायची, आत पीओपी ओतायचं. स्टंपची हुबेहूब प्रत मिळते. इथपर्यंत काम गणपतीच्या कारखान्यासारखंच. पुढं सगळं उलटं. हुबेहूब प्रतीवर पाय बनवला तर माणूस त्यात उभा राहू शकत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली जाड कंडरा असते, स्नायू हाडाला बांधणारी दोरी, ती वजन पेलते. तिथलं प्लास्टर तासायचं. नडगीचं हाड वजन पेलत नाही. तिथं प्लास्टरची गाठ चढवायची. मग त्याच्यावर तापलेली प्लास्टिकची शीट चढवली की सॉकेट तयार, म्हणजे स्टंप जिच्यात बसतो ती खोळ. जिथं गाठ तिथं खोळ सैल, हाडाला जागा. थोडक्यात, आमचं चांगलं मॉडेल दिसायला भयंकर असतं.

हेच नानांना बघवलं नाही. नाना आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा स्वतःचा गणपतीचा मोठा कारखाना आहे, समाजसेवा त्याच्या शेजारच्या शेडमध्ये चालते. मी आणि मॅडम रोह्याला पेशंट तपासायला गेलो होतो, त्या दिवशी नाना आमच्या शेडमध्ये आले. टेबलावर मॉडेलं मांडलेली, सगळी गाठीगाठींची. नानांना लाज वाटली. पेणमधून माल बाहेर जातो तो असा? त्यांनी कारखान्यातली फिनिशिंगची माणसं बोलावली. त्या बिचाऱ्यांनी कधी केलं नसेल इतकं मन लावून काम केलं. गाठी तासल्या, खड्डे भरले, पॉलिश पेपर मारला, वरून पाण्याचा हात फिरवला. मॉडेलं बाप्पाच्या पोटासारखी गुळगुळीत झाली. आमचा शीट चढवणारा माणूस सगळं बघत होता. त्याला नंतर विचारलं, तर म्हणाला, "मला वाटलं या टायमाला तुम्ही चांगली केलीत."

पाय तयार झाले आणि आमच्या नजरेखालून न जाता नानांच्या टेम्पोतून थेट रोह्याला पोचले.

आता मी या धंद्यात कसा, तेही सांगून टाकतो. मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि गणपतीच्या कामाला पेणला आलो. वडखळ नाक्यावर टेम्पोनं डावा पाय नेला. वॉर्डात पडलो होतो आणि नसलेल्या पायाचा अंगठा खाजत होता. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, पाय नीट पुरला नसणार. त्यांना भेटायला आलेली बाई म्हणाली, बाहेरचं असेल, बघून घे. राउंडवरच्या डॉक्टरना भीत भीत विचारलं. ते चालता चालताच बोलले, "नस मेंदूला खबर देत राहते. पाय गेलाय हे मेंदूला अजून पटलं नाही."

त्या एका वाक्यानं मला धरून ठेवलं. शाळेतलं विज्ञान मला कायम दुसऱ्या कोणाबद्दल वाटायचं. हे माझ्याबद्दल होतं. पुढं मॅडमनी मला पाय बसवला, तेव्हा मी त्यांना इतकं विचारलं की शेवटी त्या म्हणाल्या, "उद्यापासून इथं कामालाच ये, म्हणजे मला घरी जाता येईल." तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. चित्रांची पुस्तकं त्या देतात. इंग्रजी नावं मी मराठीत लिहून पाठ करतो. गावाकडं आईला वाटतं मी डॉक्टर झालो. मी खोडून काढत नाही, कारण तिला फोनवर समजावणं अवघड आहे.

तर, रोहा. सगळे कळवळत होते, एकटी जनाकाकी सोडून.

"मना बरा वाटतो," काकी म्हणाली. भिंतीला धरून चार पावलं टाकलीसुद्धा. "काय दुखत नाय."

मॅडमचा चेहरा उतरला. काकीला कितीतरी वर्षं शुगर. शुगरनं नसा मरतात, मग दुखणं कळत नाही. तिचा पाय गेला तो असाच. मिठागरात शिंपला घुसला, तिला पत्ताच नाही. मॅडमनी पाय काढायला लावला. नडगीच्या टोकावर कातडी पांढरी पडली होती, भोवती लाल कडं. आणखी थोडी चालली असती तर फुटलीच असती.

तेवढ्यात नाना आत आले. कडक इस्त्री, खिशाला बिल्ला.

"कोणाचा बसला?"

काकीनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"झालं तर. हीच चालंल स्टेजवर."

"नाना, कोणीच चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "सॉकेट चुकलेत. सगळे परत नव्यानं करायचे."

"परत करा ना. प्रोग्राम झाल्यावर करा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त. साहेब वडखळच्या पुढं आलेत."

"जखम झाली तर तिला कळणार नाही. चिघळली तर गुडघ्याच्या वरून कापावं लागतं."

"बाईला दुखत नाय आणि तुम्हाला दुखतंय. कमाल हाय."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. म्हणून नानांनी मला बाहेर व्हरांड्यात घेतलं. खांद्यावर हात ठेवला. नानांचा हात खांद्यावर आला की माणसं महिनाभर झोपत नाहीत.

"बाला, मॅडम आज इथं हायेत, उद्या पुण्याला दवाखाना टाकतील. तुला कुठं जायचंय? हिंगोलीला? पट्टा तू बांध. गुपचूप."

नाना बोलले त्यात खोटं काही नव्हतं. मला हिंगोलीला जायचं नव्हतं. तिथं मी पाय गेलेला बालाजी होतो. इथं पाय बनवणारा होतो.

मी आत जाऊन काकीसमोर खाली बसलो. बांधायचं म्हणून पट्टा हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"काय रं, इसरलास काय बांधायला?"

मी मोबाईल काढला. तिच्या नडगीवरच्या डागाचा फोटो काढून तिला दाखवला. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो माजा? मग मना कसा नाय कळला?"

"काकी, तुमची नस झोपलीय. खबर देत नाही. माझी उलटी आहे. पाय नाही तरी रोज खबर देते, खाजतंय म्हणून."

"म्हंजी तुजी चुगलखोर आनि माजी मुकी."

"तसंच."

"मग बांधू नको."

"नाही बांधला तर नाना मला घरी पाठवतील." हे मी बोलायला नको होतं. पण बोललो.

काकीनं पदर तोंडाला लावून विचार केला. "सैल बांध. दिसन्यापुरता. बाकीचा मी बघतंय."

साहेब आले. हार झाले, दिवा लागला, भाषणं झाली. लाभार्थी स्टेजवर खुर्च्यांवर ओळीनं बसले होते. मॅडम कडेला उभ्या, हाताची घडी घातलेली. काकी उठली की पुढं होऊन अडवायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. मी पडद्यामागं. नानांनी माईक घेतला.

"आता आपल्या जनाबाई आपल्या पायावर चालून दाखवतील."

टाळ्या. काकी बसलेलीच. नानांनी परत पुकारलं. परत टाळ्या. काकीनं माईकसाठी हात पुढं केला. नानांना वाटलं, आभार मानायचे असतील.

"मी काय म्हनतंय," काकी बोलली. "येवढ्या बाप्याम्होरं बाईमानसानं लुगडा वर करून पाय दाखवायचा काय? साहेबांच्या घरच्या बायका दाखवतील काय?"

साहेब घाईघाईनं म्हणाले, "नको नको, आजी. बसा तुम्ही." नानांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण आतलं माणूस निघून गेलं होतं. मागच्या खोलीत मॅडम एवढं बोलल्या, शुगर, नस, जखम, गुडघा. कशानं फरक पडला नाही. लुगड्यानं पडला.

"आनि चालूनच बघायचा हाय," काकीनं माईक सोडला नव्हता, "तर त्या पोराला चालवा. पडद्यामागं हाय बघा. त्याला बी एकच पाय. बापयमानूस हाय, प्यांट वर केली तरी चालतंय."

मला पुढं ढकललं गेलं. काकीनं लुगड्याआडूनच सैल पट्टा सोडून पाय काढून दिला. साहेबांनी जनाकाकीचा सोडलेला पाय दोन्ही हातांत घेऊन माझ्याकडं सोपवला, 'साहेबांच्या हस्ते पाय वाटप' असं प्रोग्राम-पत्रिकेत होतंच. तो छातीशी धरून मी माझ्या जुन्या पायावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. स्टेजवर त्या वेळी सगळ्यात जास्त पाय माझ्याकडं होते. एक देवाचा, एक मॅडमचा, एक नानांचा.

नाना सावरले. त्यांचं हे मानलंच पाहिजे. "बघा! आत्ता पाय मिळाला आणि आत्ता चालला!"

साहेबांनी डोळे पुसले. माईक माझ्या तोंडाशी धरला. "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय, साहेब," मी म्हणालो. खरंच वाटत होतं.

पेपरात फोटो आला: पाय मिळताच तरुण चालू लागला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत हिंगोलीला गेला. रात्री आईचा फोन. रडतच होती. "बाळा, दुसरा बी गेला का रे?"

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळी मॉडेलं नव्यानं केली. मॅडमनी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडं ठेवली. नानांच्या माणसांना वाईट वाटलं, त्यांची कला वाया गेली म्हणून. मग मॅडमनीच तोड काढली. रबराच्या पावलांवर नखं रंगवायचं काम त्यांना दिलं. आता आमच्या पायांची नखं अशी देखणी असतात की पेशंट आधी तीच बघतात. नाना खूश आहेत. पाहुण्यांना सांगतात, बघा, याला म्हणतात पेणची फिनिशिंग.

मी यातून शिकलो ते एवढंच, की दुखत नाही असं सांगणाऱ्या माणसाचा पाय आधी काढून बघायचा. आणि नानांना शास्त्र समजवायला जायचं नाही, त्याला वेगळी माणसं लागतात.

काकीचा नवीन पाय छान बसला. गाठीगाठींच्या मॉडेलवरचा. डाग नाही, कडं नाही. शेडमध्ये तिनं दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "चिखलात चालंल ना?"

मी खरं ते सांगितलं. मिठाच्या पाण्यात स्क्रू गंजतात. चिखल पाऊल ओढून धरतो, स्टंप आतून सुटतो. रस्त्यावर, घरात, बाजारात चालेल. मिठागरात नाही.

"रस्त्यावरनं चालून मना कुठं जायचा हाय रं?" ती म्हणाली. रागानं नाही. चप्पल मोठी निघाली तर दुकानदाराला म्हणतात तसं.

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, अवघड आहे, पण अशक्य म्हणणार नाही. तू शिकत राहा. म्हणून दहावीला बाहेरून बसतोय. विज्ञानाची सगळ्यात जास्त भीती वाटते आणि तेच आधी वाचतो. जनाकाकी, तुमचं देणं माझ्यावर आहे ते मी विसरलेलो नाही. गंजणार नाही आणि चिखलात रुतणार नाही असा पाय एक दिवस मी तुम्हाला बनवून देईन. तोवर शुगर सांभाळा, आणि मिठागरात राबणाऱ्या सुनेला बांधावर बसूनच शिव्या घाला.