डोक्यावरची ओढणी

“पोरगं कोणाचं हाय ते काही ध्यानात येईना, पण सून वळणाची दिसती.”

ओट्यावर दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हातारी दुसरीला हळूच म्हणाली, पण आम्हाला ऐकू गेलं. पोरगं म्हणजे माझा नवरा, सून म्हणजे मी. आणि ओटा माझ्या लहानपणच्या घराचा.

घोटाळा ओढणीने केला. सेनगावहून आलेल्या जीपने आम्हाला फाट्यावर सोडलं, तिथून आम्ही हरभऱ्याच्या आणि तुरीच्या शेतांमधून चालत आलो. हिवाळा असला तरी दुपारचं ऊन टोचत होतं, म्हणून मी ओढणी डोक्यावरून घेतली. आमच्या गावात सुना डोकं झाकतात, लेकी नाहीत. हे मला माहीत होतं, पण तेव्हा शेतात कुणी नव्हतं आणि नंतर ती काढायची राहून गेली.

वाटेत मी पुढे होते. ओढा कुठे ओलांडायचा, बांधावरून कुठे वळायचं, पायांना सगळं आठवत होतं. पुण्यात वाढलेला नवरा धापा टाकत म्हणाला, “तू इतकी भरभर चालतेस हे मला आज कळतंय.” मी त्याला बजावलं होतं, “घर बाहेरून बघायचं आणि परत फिरायचं. मी कोण ते सांगू नकोस.”

सांगितलं की बोलावं लागतं. वडिलांनी हे घर विकलं आणि आम्ही नांदेडला गेलो. तिथल्या इंग्रजी शाळेत मुली माझ्या बोलण्याला हसायच्या, म्हणून मी ते बदललं. मग कुणाच्या लग्नाला गावी आले की माझ्या बदललेल्या बोलण्याला इथली पोरं हसायची. तेव्हापासून मी दोन्हीकडे गप्पच असते.

“कोणाचा रे तू, बाबा?” म्हातारीने विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि शब्द पाळला. “मी हिच्यासोबत आलोय.”

“ऐका, बायकोसंगं आलाय म्हणे.” दुसरी इतकी हसली की मांडीवरचं सूप कलंडलं.

म्हातारीने मला माठाकडे बोट दाखवलं. “घे सूनबाई, पाणी घे अन् नवऱ्याला दे. सासर दाखवाया आणलं व्हय त्यानं? अन् तू काहून मुकी?”

माठ दाराच्या डाव्या कोपऱ्यात होता. आमचाही तिथेच असायचा. निमूटपणे पाणी घेतलं असतं तर आमच्याच दारात मी दुसऱ्या कुणाची तरी सून होऊन परत गेले असते. मी जागची हलले नाही. ओढणी खाली ओढून खांद्यावर घेतली.

“सून न्हाई मी, आजी,” मी म्हणाले. “लेक हाय या घरची. हे तुमचे जावई हायेत, पाणी तुमीच द्या त्यांना.”