ओरेस्ट ऐकवायचा त्या रेकॉर्ड्स

ओरेस्ट हाव्रिलुकला गाणं कळत नव्हतं. त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं काम केल्यामुळे मी हे सांगू शकतो. त्याला रेकॉर्डिंग कळायचं, आणि ते त्याच्याइतकं कॅनडातल्या आमच्या अख्ख्या विनिपेग शहरात कुणाला कळत नसावं.

आमचं स्टिरिओ सिस्टिमचं दुकान पोर्टेज अव्हेन्यूवर होतं. मागच्या खोलीत मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचो आणि पुढच्या खोलीत, गालिचा आणि सोफा असलेल्या जागेत, ओरेस्ट गिऱ्हाइकांना सिस्टिम ऐकवायचा. काउंटरखाली सफरचंदांचा एक लाकडी खोका होता, त्यात तेवीस रेकॉर्ड्स. हजारांतून निवडलेल्या. वर्षाकाठी फार तर एखादी नवी यायची, मग जुनी एक बाहेर जायची.

गिऱ्हाईक आत शिरून बूट झटकेपर्यंत त्याचं ठरलेलं असायचं. नवरा-बायको आले आणि बायको हाताची घडी घालून दाराशीच उभी राहिली, की तो नवऱ्याकडे बघायचाच नाही. एक बाई गिटारवर गातेय अशी रेकॉर्ड होती, ती लावायचा. त्यात पहिला शब्द येण्याआधी त्या बाईने घेतलेला श्वास ऐकू यायचा. तेवढ्यात बायकोची घडी सुटायची. डॉक्टर-वकील मंडळींना पियानो. ट्रकवाल्यांना ऑर्गन, ज्याने काउंटरची काच थरथरायची. काहीही असो, नव्वद सेकंदांच्या वर नाही. अजून हवं असं वाटेपर्यंत वाजवायचं आणि हळूच आवाज उतरवायचा.

लोक घरून स्वतःच्या आवडीच्या रेकॉर्ड्स आणायचे. तो त्या दोन्ही हातांनी घ्यायचा, "ही आपण शेवटी लावू," म्हणायचा आणि बाजूला ठेवायचा. तो शेवट कधी आलेला मी पाहिला नाही.

एकदा मी विचारलं, "का रे, लाव की त्यांची एखादी. त्यांना तेच तर ऐकायचंय."

"डेरिक, गाणं चांगलं असणं वेगळं आणि रेकॉर्डिंग चांगलं असणं वेगळं. त्यांचं वाईट रेकॉर्डिंग आपल्या चांगल्या सिस्टिमवर आणखी वाईट वाजतं. मग ते सिस्टिमला नावं ठेवतात."

घरीही त्याचं हेच होतं. नॉर्थ एंडमधल्या त्या छोट्या घराची पुढची खोली पूर्ण स्पीकरांनी व्यापलेली. त्याची बायको इवान्ना एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि चर्चच्या गायकवृंदात गायची. बुटकी, कमी बोलणारी. आमच्याकडे परोगींचा, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा, डबा घेऊन आली की डबा देऊन दारातूनच परत जायची.

१९८८च्या फेब्रुवारीतली रविवारची एक दुपार मला चांगली आठवते. ओरेस्टच्या टर्नटेबलमधून घरघर येत होती, ती काढायला मी गेलो होतो. प्रार्थना आटोपून इवान्ना आली ती गायकवृंदातल्या सात-आठ बायकांना घेऊनच. चर्चच्या पंचाहत्तराव्या वर्षानिमित्त त्यांनी कॅसेट काढली होती आणि ती त्याच आठवड्यात तयार होऊन आली होती. एवढी मोठी सिस्टिम आमच्या घरी आहे, तर पहिल्यांदा तिथेच ऐकू, असं इवान्नानेच सुचवलं होतं. आदल्या दिवशी मधाचा केक करून ठेवला होता. बायका कोट काढून, केस सारखे करून सोफ्यावर दाटीवाटीने बसल्या.

ओरेस्टने कॅसेट लावली. पाऊण मिनिट झालं असेल. मग त्याने ती बंद केली.

"मायक्रोफोन कुठे ठेवला होता?"

"आम्हाला काय माहीत?" स्टेफानिया नावाची उंच बाई म्हणाली. "समोर होता."

"समोर नव्हता. मागे भिंतीला होता. सगळ्याचा लगदा झालाय. थांबा, गायकवृंद कसा रेकॉर्ड करतात ते ऐकवतो."

आणि त्याने घरातल्या कपाटातली स्वीडनच्या कुठल्याशा गायकवृंदाची रेकॉर्ड लावली. तो वाईट माणूस नव्हता. पाहुण्यांना आपल्याकडचं उत्तम ते द्यावं, एवढंच त्याच्या मनात असणार. डोळे मिटून, बोट हवेत नाचवत तो सांगत होता, "एकेक आवाज सुटा ऐकू येतोय का? डावीकडून तिसरी बाई ऐका. ती नाकातून श्वास घेते."

"ओरेस्ट," स्टेफानिया म्हणाली, "डावीकडून तिसरी बाई आमच्या ओळखीची नाही रे."

एक-दोघी हसल्या. इवान्ना उठली, मशीनमधून कॅसेट काढून डबीत घातली आणि केक कापायला आत गेली. केक सगळ्यांनी खाल्ला. कॅसेटचा विषय पुन्हा निघाला नाही.

दहा वर्षांनी, म्हणजे १९९८च्या वसंतात, दुकानात एक संगीत शिक्षिका आली. ओरेस्टने तिला आधी पियानो ऐकवला, मग खोक्यातली झांजांची रेकॉर्ड लावली. तिने मान तिरकी केली.

"उजवा स्पीकर बिघडलाय का? झांजा नुसत्या डावीकडूनच येताहेत."

"रेकॉर्डिंगच तसं आहे, मॅडम."

"मग मघाशी पियानोही तसाच का वाटला?"

त्याने मला बोलावलं, बहुधा तिला गप्प करण्यासाठी. मी कान लावला. उजव्या स्पीकरचा वरचा छोटा भोंगा जळून गेला होता. मी उघडून पाहिला तेव्हा त्यावर धूळ बसलेली होती. आठवडा तरी झाला असावा. आठवडाभर तो माणूस गिऱ्हाइकांना अर्धी सिस्टिम ऐकवत होता.

शिक्षिका गेल्यावर तो मागे माझ्या टेबलाशी येऊन बसला.

"मला झांजा ऐकू येत होत्या, डेरिक. दोन्हीकडून. शपथ घेऊन सांगतो."

मला ते खरं वाटलं. तीस वर्षं ऐकलेली रेकॉर्ड, ती कानाने ऐकायची त्याला गरजच उरली नव्हती. कानांची तपासणी झाली. वरचे सूर केव्हाच गेले होते. दुकानाचा मालक भला होता, काही बोलला नाही. पण जूनमध्ये ओरेस्टने स्वतःच खोका उचलला आणि घरी गेला.

पुढे इवान्नाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. निदान ते दफन, अकरा आठवडे. त्यांना मूलबाळ नव्हतं. दफनानंतर महिन्याभराने मला त्याचा फोन आला, "येतोस का? काम आहे."

घरात सगळं जागच्या जागी होतं. पुढच्या खोलीत एकच खुर्ची, आणि सिस्टिमला जोडलेला कॅसेट डेक.

"पाककृतींच्या चिठ्ठ्यांखाली सापडली," तो म्हणाला. "तीच कॅसेट. तुझे कान माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. मला फक्त सांग, हिच्यात इवान्नाचा आवाज कुठे आहे."

आम्ही दोन दुपारी बसलो. मी डेकचं हेड साफ केलं, त्याचा कोन बदलून पाहिला, एक-एक स्पीकर बंद करून ऐकलं. चौतीस माणसं एका जाड भिंतीमागून गात होती. ती सिस्टिम इतकी चांगली होती की चर्चमधली खोकल्याची उबळ आणि बाक करकरल्याचा आवाज लख्ख ऐकू यायचा. माणसं तेवढी वेगळी होत नव्हती.

शेवटी मी विचारलं, "तिचा गाण्याचा आवाज होता कसा? बारीक, की भरदार?"

त्याने कॅसेटची डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"लग्नाआधी गायची," तो म्हणाला. "हॉलमध्ये नाच असायचे तेव्हा. पण मी बँडवाल्यांच्या स्पीकरजवळ उभा असायचो." मग म्हणाला, "घरात गायची पूर्वी, भांडी घासताना. नंतर नाही. घर शांत झालं म्हणून मला बरंच वाटलं होतं. ऐकायला शांतता लागते ना."

तिसऱ्या दिवशी मीच स्टेफानियाला फोन केला. ती आता ऐंशीला टेकली होती, काठी घेऊन आली. कोट काढला नाही, खुर्चीवरही बसली नाही. उभ्यानेच एक गाणं पूर्ण ऐकलं.

"आहे की," ती म्हणाली.

"कुठे?" ओरेस्ट पुढे सरकला. "थांब, मागे घेतो. कुठल्या ठिकाणी, सांग."

"मागे घेऊन काय करणार? ती खालच्या सुरातली बाई. दुसऱ्या रांगेत उभी राहायची. त्या रांगेतला आवाज वेगळा ऐकू आला, तर काहीतरी चुकलं असं समजायचं. ती आजारी असली की आमचे सूर उतरायचे, म्हणून गाणं बसवणारे गुरुजी तिला सुट्टी देत नसत. ही कॅसेट नीट सुरात आहे. म्हणजे ती आहे."

ओरेस्टने डेक बंद केला.

"त्या दिवशी, तुम्ही सगळ्या आला होतात तेव्हा," त्याने विचारलं, "नंतर काही म्हणाली का ती?"

स्टेफानिया त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलायचं की नाही हे ती ठरवत असावी, असं मला वाटलं.

"बसस्टॉपपर्यंत पोचवायला आली होती. म्हणाली, केक जरा कोरडा झाला."

"बस, एवढंच?"

"एवढंच. थंडी खूप होती."

त्यानंतर तो गायकवृंदाच्या गुरुवारच्या सरावाला जाऊ लागला. स्टेफानियाने परवानगी दिली होती, "ये, बस. पण तुझं मत कुणी विचारणार नाही." तो मागच्या बाकावर बसायचा. कानातलं यंत्र मधूनच शिटी मारायचं आणि बायका वळून बघायच्या. तीन गुरुवारांनंतर तो गेला नाही.

"का रे?" मी विचारलं.

"दुसऱ्या रांगेत नवी बाई आलीय. चांगली गाते म्हणतात." त्याने खांदे उडवले. "मला काय, सगळं सारखंच ऐकू येतं."

सिस्टिम त्याने एका दंतवैद्याला विकली. दंतवैद्य ऐकून बघायला आला तेव्हा ओरेस्टने खोका त्याच्यापुढे ठेवला, "कुठलीही लाव," म्हणाला आणि आत चहा करायला गेला. दंतवैद्याला कुठली लावावी ते कळेना, म्हणून मीच एक लावली. पूर्ण वाजली. कुणी आवाज उतरवला नाही.

खोकाही त्याने त्यालाच देऊन टाकला. कॅसेटचं मी विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. घर विकून तो सेल्कर्कच्या वृद्धनिवासात गेला. मी महिन्यातून एकदा जायचो. खिडकीशी बसून आम्ही हॉकीबद्दल बोलायचो, बर्फाबद्दल बोलायचो, शेजारच्या खोलीतल्या मोठ्या आवाजातल्या टीव्हीबद्दल बोलायचो. दुसऱ्या हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला. निवासातून फोन आला तेव्हा त्या बाईने विचारलं, नातेवाईक म्हणून कुणाचं नाव लिहू. मी माझं सांगितलं.