गोपालचं प्रोटीन

आज स्टाफरूममध्ये कुणीतरी डबा उघडला आणि उकडलेल्या अंड्यांचा वास आला. जळगावच्या कॉलेजात डीएनएपासून प्रोटीन कसं बनतं हे शिकवून मी नुकतीच येऊन बसले होते. त्या वासाने मला धुळ्याच्या एका दवाखान्यात नेलं.

माझा धाकटा भाऊ गोपाल तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या पोटऱ्या इतक्या भरदार, की साक्रीच्या बाजारात लोक त्याला पैलवान म्हणायचे. पण चालताना तो सारखा पडायचा. डॉक्टर म्हणाले, स्नायूंना लागणारं एक प्रोटीन त्याच्या शरीरात तयारच होत नाही.

मायचा चेहरा एकदम उजळला. "मंग काय! रोज अंडा देसू, उडीदनी दाय देसू."

"ताई," डॉक्टर मायला म्हणाले, "हे प्रोटीन खाऊन मिळत नाही. पेशी ते स्वतः बनवतात. कसं बनवायचं ते डीएनएत लिहिलेलं असतं, आणि याचा तेवढा भाग जन्मापासूनच तुटलेला आहे. चालणं हळूहळू सुटत जाईल."

"मंग आते मी काय करू?"

मायला काही समजलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, तिला सगळं कळलं होतं.

साक्रीच्या बसमध्ये चढताना गोपालने गुडघ्यांवर हात टेकले. मायने त्याला मागून उचललं.

"पुढला साल मी एकटा चढसू, माय," तो म्हणाला.

"चढशी ना," माय म्हणाली, आणि साक्री येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.