धुकं बघायला गेले आणि धूर करून आले

माझं बालपण पनवेलच्या खाडीकाठी गेलं. हिवाळ्यात इतकं धुकं यायचं, की समोरची होडी हाकेवरून ओळखावी लागे. आता काठावर टॉवर उभे राहिलेत. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्रभर ऊब सोडत बसतं, हवा गारठतच नाही. धुकं आलंच तर विसाव्या मजल्याशी लोंबकळतं, आणि मी राहते तिसऱ्यावर! ऑफिसातली सुनीता म्हणाली, "धुकंच पाहिजे ना? डिसेंबरात माझ्या माहेरी चल, नेकनूरला." लगेच बॅग भरली.

ट्रॅव्हल्सनं सकाळी बीडला उतरलो, तर लख्ख ऊन. माझं तोंडच उतरलं. पुढे तासाभराची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरलाच विचारलं, "धुकं कुठाय हो?"

"धुई व्हय? बीडात आता कमीच. लई घरं झालीत. प्लॉटिंग संपलं की बघा."

खरंच, प्लॉटच्या पाट्या मागे पडल्या आणि शेतांवर विरत चाललेला पांढरा पट्टा दिसला. उद्या दाट पडू दे म्हणून मी तिथंच देवाला नारळ बोलले.

सुनीताच्या प्रयागवहिनींनी गरम धपाटे आणि दही पुढ्यात ठेवलं. (ओळखीचं घर नसेल तर मुक्काम बीडातच करा.) भिंतीला दोन कोयते टांगलेले. वहिनी म्हणाल्या, "दरसाल ऊस तोडायला जातो, ताई. यंदा न्हाई. तुरीवर भागवायचं. तूर गेली, तर पोरीची शाळा सोडून निघावं लागंल."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दार उघडलं, तर अंगणच गायब! "आलं, आलं!" मी नाचतच ओरडले. वहिनी बाहेर आल्या आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"धुई," एवढंच म्हणाल्या.

तूर ऐन फुलात होती, आणि धुई बसली की फूल गळतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नारळ बोलणारी मीच ना!

मग कॅमेरा राहिला बाजूला. सगळे शेतात धावलो आणि बांधावर ओला-सुका पाला रचून पेटवला. धुई हटवायला जाळ नको, धूर पाहिजे. नाकाडोळ्यांतून नुसत्या धारा! माझा अवतार बघून वहिनींना हसू फुटलं. "ताई, तुमच्या चार बिल्डिंगा आमच्या बांधावर पाठवा की! धुई तरी हटंल. कशाला ठिवल्यात तिकडं?"

नऊच्या सुमारास ऊन आलं. निघताना कसाबसा एक फोटो काढला. फुलं टिकतील का, हे कुणालाच सांगता येईना.

घरी आल्यावर 'नेकनूरचं धुकं' म्हणून तो फोटो टाकला. लोकांनी वाहवा केली. तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "ताई, शेंगा धरल्या! पण फोटूत धुई कुठंय? त्यो तर आपला धूर हाय!"

"आणि कोयते?"

"भित्तीलाच हायत. पोरगी साळंत गेलीय."

मी फोनवरच रडले. तुम्हीही जरूर जा, फक्त धुकं दिसल्यावर ओरडू नका. बोललेला नारळ मी खाडीकाठच्या देवळात फोडला आणि म्हटलं, देवा, धुकं पाठवायचंच तर इकडं पाठव. तिकडं तुरीला फुलं असतात.